कोर्दोबातले काप आणि काकवी

नवरा स्ट्रक्चरल इंजिनिअर असला की स्थळदर्शन हा प्रकार जरा वेगळाच होतो. स्पेनमधल्या कोर्दोबाच्या मेस्कीतामध्ये, म्हणजे तिथल्या जुन्या मशिदीत, शिरल्यावर सगळे माना वर करून लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कमानी बघत होते, आणि आमचे गृहस्थ उकिडवे बसून खांबांचे पाय बघत होते.

फेब्रुवारीचा शेवट होता. माद्रिदहून वेगवान गाडीने पावणेदोन तासांत आदल्या संध्याकाळी पोचलो होतो. रविवार सोडून रोज सकाळी साडेआठ ते साडेनऊ मेस्कीतात फुकट सोडतात असं कळलं, मग काय! फेब्रुवारीत इथे आठच्या सुमारास उजाडतं, त्यामुळे पहाटे उठल्याचं पुण्यही पदरात पडलं.

दमास्कसहून जीव वाचवून पळालेल्या पहिल्या अब्द अल-रहमानने 785 साली ही मशीद बांधायला घेतली. त्याच्या वंशजांनी ती वाढवत नेली. आज आत 856 खांब आहेत. त्यातले सुरुवातीचे बरेचसे रोमन आणि व्हिसिगॉथ (अरबांआधी इथे राज्य करणारे) इमारतींमधून उचलून आणलेले. कुणी गुलाबी, कुणी काळपट, कुणी गुळगुळीत, कुणी पन्हाळी पाडलेला.

"मिळेल तो माल वापरलाय," नवरा खालूनच म्हणाला. "खांब बुटके पडले, छत तर उंच हवं. म्हणून कमानीवर कमान चढवली. काय डोकं आहे!"

हजार वर्षं जग ज्याला सौंदर्य म्हणत आलं, ते मुळात जुगाड होतं हे ऐकून मला ती जागा जास्तच आवडली. 987 च्या सुमारास वजीर अल-मन्सूरने केलेल्या शेवटच्या वाढीत तर पट्टे नुसते रंगवलेले आहेत. आधीच्या कमानींमध्ये दगड आणि वीट खरोखर आलटून पालटून बसवली आहे. हा फरक सापडल्यावर नवऱ्याचा चेहरा ठेकेदाराची चोरी पकडल्यासारखा उजळला.

मिहराबाचं, म्हणजे मक्केची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्याचं, सोनेरी मोझॅक मी जाळीतून बराच वेळ बघत राहिले. त्याचे काचेचे तुकडे बायझंटाइन सम्राटाकडून मागवले होते.

आणि मग त्या खांबांच्या रानात चालता चालता एकदम लख्ख पांढरा प्रकाश येतो, छत आभाळात जातं, आणि आपण एका भल्यामोठ्या चर्चमध्ये उभे असतो. शहर 1236 मध्ये ख्रिस्ती राजाच्या हाती आलं, पण मशिदीच्या पोटात हे बांधकाम सुरू झालं 1523 मध्ये. शहराच्या कारभाऱ्यांचाच त्याला विरोध होता. सम्राट पाचव्या कार्लोसने बिशपच्या बाजूने कौल दिला. मला ते खुपलं. नवऱ्याचं म्हणणं, वापरात राहिली म्हणून इमारत टिकली. यावर आमचा पुलापर्यंत वाद चालला. अजूनही मिटलेला नाही.

बाहेरच्या अंगणात संत्र्यांची झाडं फळांनी लगडलेली होती. खाली पडलेलं एक मी उचललं, सोललं, फोड तोंडात टाकली आणि डोळ्यांतून पाणी आलं. कडूजहर! ही झाडं शोभेची आणि मुरंब्याची. स्पॅनिशमध्ये संत्र्याला म्हणतात 'नारांखा'. आपला संस्कृतातला नारंग इराण आणि अरबस्तान करत इथवर आला. साखरेचा 'असूकार'ही तसाच, शर्करेचा नातू.

दुपारी अडीचला सिनागॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघराला, पोचलो. 1315 सालचं, आपल्या दिवाणखान्यापेक्षा थोडं मोठं. ज्यूंना 1492 मध्ये देशाबाहेर घालवल्यावर तिथे पिसाळलेला कुत्रा चावलेल्यांचं रुग्णालय झालं, पुढे चांभारांच्या संघाचं प्रार्थनाघर. भिंतीवरची हिब्रू अक्षरं गिलाव्याखाली झाकली गेली, म्हणूनच वाचली. (नवऱ्याने माझ्याकडे सूचक पाहिलं. मी दुर्लक्ष केलं.) शेजारच्या चौकात याच गावात जन्मलेल्या मायमोनिडीस या ज्यू तत्त्वज्ञाचा पुतळा आहे. त्याच्या पायाला हात लावून लावून लोकांनी चपलेचं टोक चकचकीत केलंय. आम्हीही लावला, तो भाग आपल्याला शिकवावा लागत नाही.

वियाना वाड्याला बारा चौक आहेत. हो, मी वाडाच म्हणणार, कारण रस्त्याकडे पाठ, पोटात चौक, मध्ये विहीर नाहीतर कारंजं, ही मांडणी ओळखीची वाटते. फक्त तुळशीच्या जागी भिंतभर जिरेनियमच्या कुंड्या. उंचावरच्या कुंड्यांना पाणी घालायला लांब काठीच्या टोकाला पत्र्याचा डबा बांधतात.

भूक लागली तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते आणि स्वयंपाकघरं साडेआठशिवाय उघडत नव्हती. अडीच तास बिस्किटांवर काढले. पहिलं आलं साल्मोरेखो: टोमॅटो, पाव, लसूण, ऑलिव्ह तेल यांचं दाट गार वाटण. वर उकडलेलं अंडं आणि हॅमचे तुकडे पेरलेले! मी 'सिन हामोन', म्हणजे हॅमशिवाय, म्हणायला विसरले होते. ती वाटी नवऱ्याकडे सरकवली. मग आली बेरेन्हेनास. पीठ लावून तळलेले वांग्याचे काप, आणि त्यावर काळसर, दाट काहीतरी धारेने सोडलेलं.

"मिएल दे कान्या," वेटर म्हणाला. म्हणजे उसाचा मध. वांगं आणि ऊस, दोन्ही अरबांनी स्पेनमध्ये आणलेले. खारट कुरकुरीत काप, वर ते गोड-तुरट. आम्ही दुसरी प्लेट मागवली, दुसऱ्या रात्री पुन्हा तिथेच गेलो.

निघताना एक बाटली घेतली. तीन पिशव्यांत गुंडाळून, नवऱ्याच्या स्वेटरमध्ये लपेटून ती कोल्हापूरपर्यंत आणली. सासूबाईंनी बोट बुडवून चाटलं, बाटली उजेडात धरून पाहिली.

"काकवी हाय की ही," त्या म्हणाल्या. "आणि हितनं चार मैलांवर गुऱ्हाळ हाय."