आमची वाटचाल : अल्बमच्या आवरणांचे काम

संगीताच्या अल्बमची आवरणे तयार करणे हा आज आमच्या छोट्या स्टुडिओचा मुख्य व्यवसाय आहे. सुरुवात मात्र छायाचित्रांच्या दुरुस्तीपासून झाली. ओरखडे पडलेली, रंग उतरलेली, घडीवर फाटलेली छायाचित्रे स्कॅन करून फोटोशॉप या चित्रसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये पूर्ववत करण्याचे काम आम्ही दोघे भागीदार करत होतो. त्या कामाने हाताला एक वळण लागले : मूळ प्रतीवर काहीही करायचे नाही, प्रत्येक दुरुस्ती स्वतंत्र लेयरवर, म्हणजे चित्रावर ठेवलेल्या पारदर्शक थरावर ठेवायची आणि जे झाकायचे असेल ते खोडण्याऐवजी मास्क, म्हणजे हवा तेव्हा काढता येणारा पडदा लावून झाकायचे. फोटोशॉप 1990 साली बाजारात आले, पण त्यात लेयरची सोय झाली ती 1994 मध्ये. त्याआधी एका चित्रावर दुसरे चित्र ठेवून निवड सोडली की दोन्ही कायमची एकजीव होत. केलेला बदल मागे घेता येणे किती मोलाचे आहे, हे दुरुस्तीच्या कामात आम्हाला रोज कळत होते.

एका गायकाने त्याच्या पहिल्या सीडीसाठी घरातले जुने छायाचित्र दुरुस्त करून मागितले आणि ते पाहिल्यावर आवरणही तुम्हीच करा असे सांगितले, तेव्हा आम्ही या क्षेत्रात शिरलो. काम स्वीकारल्यानंतर या कलेची परंपरा समजून घ्यावी असे वाटले, म्हणून जुनी आवरणे जमवून ती बारकाईने पाहू लागलो. एकेकाळी ध्वनिमुद्रिका, म्हणजे गाण्यांच्या मोठ्या तबकड्या, बहुतांशी साध्या, एकसारख्या वेष्टनांत विकल्या जात. कोलंबिया रेकॉर्ड्समधील कलादिग्दर्शक अ‍ॅलेक्स स्टाइनवाइस यांनी 1940 च्या सुमारास प्रत्येक अल्बमला त्याचे स्वतःचे चित्र देण्याची पद्धत रुजवली. पुढे ब्लू नोट या जॅझ संगीताच्या कंपनीसाठी रीड माइल्स यांनी फ्रान्सिस वुल्फ यांची कृष्णधवल छायाचित्रे धाडसाने कापून, त्यांच्याशेजारी ठसठशीत अक्षरे मांडून आणि अनेकदा एखादाच रंग वापरून जी आवरणे केली, त्यांचा आमच्यावर सर्वांत खोल परिणाम झाला. छायाचित्राची चौकट कोठे कापायची हा निर्णय कोणत्याही फिल्टरपेक्षा मोठा असतो, हे आम्ही त्यांच्याकडून शिकलो.

या व्यवसायाची खरी अडचण आकाराची आहे. सीडीच्या पुस्तिकेचे पान सुमारे 120 मिलिमीटरचे असते, म्हणजे 300 पीपीआयला (दर इंचाला 300 पिक्सेल) साधारण 1417 पिक्सेल. आमची पहिली कामे या मापात बसलेली होती. मग गाणी फोनवर ऐकली जाऊ लागली आणि तेच चित्र नखाएवढ्या चौरसात दिसू लागले. ते स्थिर होते न होते तोच ध्वनिमुद्रिका परत आल्या. अमेरिकेत 2020 साली त्यांच्या विक्रीतून मिळालेला पैसा 1986 नंतर प्रथमच सीडीपेक्षा अधिक ठरला. ध्वनिमुद्रिकेचे वेष्टन सुमारे 315 मिलिमीटरचे, त्याला साधारण 3720 पिक्सेल लागतात, शिवाय चारही बाजूंनी 3 मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना कडेला पांढरे राहू नये म्हणून सोडलेला जादा भाग. आज एकच चित्र नखापासून हातभर कागदापर्यंत सगळीकडे उभे राहावे लागते, आणि आमची आजची सारी कार्यपद्धती याच गरजेतून घडली आहे.

म्हणून आम्ही काम दोन्ही टोकांनी एकदम सुरू करतो. मूळ फाइल ध्वनिमुद्रिकेच्या मापाची, ब्लीडसह, 16 बिटमध्ये, म्हणजे रंगछटांच्या पुष्कळ जास्त पायऱ्या ठेवून उघडतो. तिच्या शेजारी त्याच फाइलची दुसरी खिडकी उघडून ती जेमतेम 64 पिक्सेल दिसेल इतकी लहान करून ठेवतो. संपूर्ण अल्बम ऐकून झाल्यावर काढलेले कच्चे आराखडे प्रथम त्या लहान खिडकीतच तपासले जातात. तेथे गडद आणि उजळ भागांची मांडणी ओळखू आली नाही, तर मोठ्या चित्रातील तपशील कितीही सुंदर असला तरी तो आराखडा आम्ही पुढे नेत नाही. ही तपासणी चित्र तात्पुरते कृष्णधवल करूनच करावी, असा आमचा आग्रह असतो, कारण रंग डोळ्यांना फार लवकर भुलवतात.

दोन छायाचित्रे एकत्र करताना ब्लेंड मोडचा, म्हणजे वरचा लेयर खालच्यात कसा मिसळावा हे ठरवणाऱ्या पर्यायांचा उपयोग सर्वाधिक होतो. त्यांतील मल्टिप्लायने खालचे चित्र कधीच उजळ होत नाही आणि स्क्रीनने कधीच गडद होत नाही. एवढे तत्त्व मनात पक्के असले की यादीतील प्रत्येक मोड लावून पाहण्यात वेळ जात नाही. पण दोन छायाचित्रांतील प्रकाशाच्या दिशा वेगळ्या असतील तर कोणताही मोड त्यांना एकत्र नांदवू शकत नाही. अशा वेळी आम्ही कलाकाराला छायाचित्र पुन्हा काढण्याची विनंती करतो. हे सांगणे अवघड असते, तरीही ते सांगावेच लागते.

आकाशासारख्या सलग छटांकडे विशेष लक्ष द्यावे लागते. 8 बिटच्या चित्रात एका रंगवाहिनीच्या (लाल, हिरवा किंवा निळा) 256 पायऱ्या असतात. गडद निळ्या आकाशाला त्यांपैकी साठच वाट्याला आल्या आणि ते वेष्टनभर पसरले, तर प्रत्येक पायरी सुमारे 62 पिक्सेल, म्हणजे छापील प्रतीत पाच मिलिमीटर रुंद होते आणि आकाशात स्पष्ट पट्टे दिसू लागतात. 16 बिटमध्ये काम करून शेवटी अगदी बारीक रव्याचा, म्हणजे विखुरलेल्या सूक्ष्म ठिपक्यांचा लेयर दिला की ते पट्टे मोडतात. हा रवा छोट्या पडद्यावर कोणाला दिसत नाही. कागदावर मात्र त्यामुळे चित्राला छायाचित्राचा पोत मिळतो.

देवनागरी अक्षरांवर आम्ही सर्वांत जास्त वेळ देतो आणि तो देताना आम्हाला आनंद होतो. रोमन अक्षरांतील अंतर वाढवून शीर्षक भारदस्त करण्याची युक्ती येथे चालत नाही, कारण अंतर वाढवताच शिरोरेषा तुटते. लहान आकारात अनुस्वाराचा ठिपका आणि वेलांटीचे टोक प्रथम नाहीसे होते व शब्द चुकीचा वाचला जातो. त्यामुळे महत्त्वाच्या अल्बमसाठी आम्ही सुलेखनकाराकडून कागदावर अक्षरे लिहून घेतो, ती मोठ्या रिझोल्यूशनने स्कॅन करतो आणि लहान आकारासाठी ठिपके व मात्रा थोड्या जाड केलेली दुसरी आवृत्ती ठेवतो. फॉन्ट वापरायचा असेल तर त्याचा परवाना तपासतो आणि मजकुराच्या लेयरला भारतीय लिप्या नीट जुळवणारी मांडणी लावतो, नाहीतर जोडाक्षरे फुटतात.

छपाईचा भाग मुद्रकाशी बोलूनच ठरतो. पडद्यावरचा झगमगता निळा किंवा नारिंगी सीएमवायकेच्या (निळसर, किरमिजी, पिवळी व काळी) चार शाईंत बसत नाही, म्हणून कलाकाराला मंजुरीसाठी चित्र दाखवतानाच ते छपाईच्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे कागदावर रंग जसे उमटतील तसे दाखवतो. मोठ्या काळ्या पृष्ठभागाला केवळ काळी शाई दिली तर तो राखाडी दिसतो. इतर शाईंची जोड द्यावी लागते, पण कोटिंग नसलेल्या पुठ्ठ्यावर ती जोड जास्त झाली की सावल्यांतील तपशील शाईत बुडतो. अशा काळ्यावर बारीक पांढरी अक्षरे टाळलेली बरी, कारण चार शाईंचा ठसा तसूभर हलला तरी अक्षरांच्या कडा रंगीत होतात. डिजिटल वितरणासाठी याच फाइलवरून एसआरजीबी या पडद्यांसाठीच्या प्रमाणित रंगपद्धतीत, बहुधा 3000 पिक्सेलचा चौरस तयार करतो. त्यावर संकेतस्थळाचा पत्ता, किंमत किंवा जाहिरातीचा मजकूर चालत नाही, आणि आवरणावरचे नाव अल्बमच्या नोंदीशी जुळावे लागते.

आमच्या जुन्या सवयीचा सर्वांत मोठा उपयोग अलीकडे झाला. सीडीच्या काळात आवरण केलेला एक अल्बम ध्वनिमुद्रिकेवर पुन्हा काढायचे ठरले. अंतिम चित्र 1500 पिक्सेलच्याही आत होते आणि ते ताणून मोठे केले असते तर चेहऱ्याची त्वचा मेणासारखी दिसली असती. परंतु मूळ निगेटिव्ह, त्यांची पूर्ण रिझोल्यूशनची स्कॅन, प्रत्येक मास्क आणि रंगदुरुस्तीचे लेयर आम्ही जपून ठेवले होते. नव्या मापाची फाइल उघडून, जुन्या लेयरमधील मूल्ये वाचत आम्ही आवरण पुन्हा बांधले. केसांच्या कडांचे मास्क तेवढे नव्याने रंगवावे लागले. कलाकाराने मोठा छापील नमुना हातात घेतल्यावर पार्श्वभूमीच्या भिंतीवरचा जो तपशील सीडीवर कोणालाच दिसला नव्हता, त्याबद्दल विचारणा केली आणि तो तसाच ठेवण्यास सांगितले.

सध्या आमच्याकडे नव्याने आलेले सहकारी पहिले काही महिने छायाचित्र दुरुस्तीच करतात आणि त्यानंतर आवरणांकडे वळतात. संगणकाने निर्माण केलेल्या प्रतिमांची मागणीही आता होते. ज्या प्रतिमेच्या हक्कांविषयी लेखी खात्री देता येत नाही, ती आम्ही आवरणावर घेत नाही, आणि हे काम ठरवतानाच कलाकाराला सांगतो.