भायर जेवूक

आमच्या मालवणात हॉटेलात एकटा जेवताना दिसलेल्या गाववाल्याकडे लोक जरा काळजीनेच बघतात. बायको माहेरी गेली असेल, गॅस संपला असेल, नाहीतर घरात काहीतरी बिनसलं असेल. दुसऱ्या दिवशी बाजारात कुणीतरी हळूच विचारतंच, "घराकडे सगळा बरा मा?" भरलेल्या घरातून उठून, पैसे मोजून, आपल्याच गावात मासे खायला कोण जाईल?

तशी आम्हाला फिरायची हौस कमी नाही. संध्याकाळी पाय आपोआप जेटीकडे वळतात. पण या फिरण्यात समुद्राकडे कमी आणि टोपल्यांकडे जास्त बघितलं जातं. होड्या लागलेल्या असतात, लिलावाचा गलका चाललेला असतो, आणि ज्याला काहीही घ्यायचं नाही असा निवृत्त मास्तरसुद्धा चारचौघांत वाकून बांगड्याचा कल्ला उचलून बघतो. लाल आहे ना, एवढी खात्री करून घेतो आणि पुढे चालू लागतो. येणारा-जाणारा एकमेकांना "काय गावला?" एवढंच विचारतो. सूर्य तिकडे मावळत असतो. त्याच्याकडे बघायला पाहुणे आहेत, ते रॉक गार्डनच्या खडकांवर मोबाइल उंच धरून उभे असतात.

पाहुणे आले की मात्र आम्हीही मालवण बघायला निघतो. सिंधुदुर्ग किल्ल्यावर मी आजवर जितक्या वेळा गेलो, तितक्या वेळा कुणा ना कुणाला घेऊनच. घराच्या गच्चीवरून रोज दिसतो, मग होडीत कशाला बसा! या दिवाळीत पुण्याहून बहीण, भावोजी आणि भाचा आले, तेव्हा पुन्हा गेलो. किनाऱ्यावरच्या मोरयाच्या धोंड्याला हात लावला. २५ नोव्हेंबर १६६४ला महाराजांनी किल्ल्याची पायाभरणी केली ती इथेच पूजा करून. आत गेल्यावर दूधबाव, दहीबाव, साखरबाव झाल्या. चहूकडे खारं पाणी आणि मधल्या विहिरी गोड्या, याचं भाच्याला खरंच नवल वाटलं. मलाही वाटलं, दर वेळी वाटतं. पण शिवराजेश्वराच्या मंदिरातून बाहेर पडता पडता भावोजींनी घड्याळ बघितलं आणि विचारलं, "जेवायला कुठे जायचं?"

घरी, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. पण भाच्याने आधीच फोनवर जागा शोधून ठेवली होती. "मामा, आजीला पण आणू. तिला एक दिवस सुट्टी."

आजीला सुट्टी हा शब्द लागला. "माका भायर जेवूक कित्याक व्हया? घरात चूल पेटता मा?" असं म्हणत तिने नवं लुगडं काढलं.

दिवाळीच्या सुट्टीतला रविवार होता. दारात वहीत नाव लिहून पाऊण तास उभे राहिलो. ओळखीचे तिघे रस्त्यावरून गेले आणि तिघांनीही मला तिथे रांगेत बघून भुवया उंचावल्या. पाहुण्यांकडे बोट दाखवून मी माझी अब्रू वाचवली.

आत मेनूकार्ड आलं. सुरमई, पापलेट, कोळंबी, हलवा, आणि निम्म्या ओळींपुढे किमतीच्या जागी ए.पी.एस. म्हणजे मासा केवढा त्यावर पैसे. ही तीन अक्षरं बघितली की माझ्या छातीत बारीक धडधड होते. पण माझी खरी तक्रार वेगळीच आहे. या कार्डावर महिना कुठला चाललाय ते कळतच नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, समुद्र खवळलेला असतो, होड्या ओढून किनाऱ्यावर झापांखाली झाकलेल्या असतात, आणि कार्डावर सुरमई आहे तिथेच आहे. घरात त्या दिवसांत सुकट असते, खारे बांगडे असतात, पहिल्या पावसात ओहोळातून चढणीचे मासे आले तर त्या रात्री सण. नारळी पौर्णिमेला बंदरावर नारळ लढवून घरी आलो की वर्ष नव्याने सुरू झाल्यासारखं वाटतं. मासा मधूनमधून मिळत नाही, म्हणून तर तो मिळाला की बरं वाटतं.

आणि काटे! पेडवे, सौंदाळे, मुडदुशे यांतलं एकही नाव कार्डावर नव्हतं. आम्ही लहानपणापासून ज्यांच्यावर वाढलो ते सगळे मासे काटेरी, म्हणून गिऱ्हाइकांच्या यादीतून बाद. हॉटेलवाल्याला मी दोष देत नाही. पुण्या-मुंबईच्या पोराच्या घशात काटा अडकला तर कोरडा भात गिळवायला शेजारी त्याची आजी नसते. पण काट्याच्या माशाने एक शिस्त लावलेली असते. तोंडात घास असताना बोलायचं नाही. आमच्या घरात एरवी सगळे एकदम बोलतात, पण पेडव्यांच्या जेवणाला शाळेच्या परीक्षेसारखी शांतता असते.

थाळ्या आल्या. रव्यात घोळवलेला सुरमईचा तुकडा, सुक्या तिसऱ्या, सुकटीची चटणी, सार, भात, भाकरी, सोलकढी. आई मात्र आधीच सांगून मोकळी झाली होती, सुरमई ती पाहुण्यांची, तिला बांगडाच हवा. तिने साराची वाटी नाकाजवळ नेली, खाली ठेवली, बोटाने ढवळून बघितली.

"तिरफळा खंय?"

वाढणाऱ्या पोराला काही कळेना. "बांगड्याक तिरफळ नाय?" आईचा आवाज चढला आणि शेजारच्या टेबलावरचं कुटुंब खायचं थांबलं. मी ताटात बघत राहिलो. एवढ्यात आतून पदराला हात पुसत पन्नाशीची एक बाई आली. जेवण तीच करत होती.

"काकी, घालूचा बंद केलाव. लोका चावतत आणि मगे जीभ बधिर झाली म्हणान बोंब मारतत. एकान तर डॉक्टर खंय गावतलो ता इचारल्यान."

आई हसली. त्या दिवसात पहिल्यांदा. तिरफळ खायचं नसतं, चेचून सारात टाकायचं आणि वास घेऊन झाला की ताटाच्या कडेला काढून ठेवायचं, हे तिने आम्हाला कधी शिकवल्याचं आठवत नाही. घरातले सगळे तसं करतात म्हणून आम्हीही करत आलो.

"तू खंयची गो?"

"देवबागची."

मग सासर, माहेर, देवबागात कुठली वाडी, अमक्याची तू कोण, असा सगळा तपास झाला. बाहेर वहीत नावं लिहून लोक ताटकळत होते. "थांबा हां," म्हणून ती बाई आत गेली आणि स्टीलची एक वाटी घेऊन आली. काम करणाऱ्यांसाठी मागच्या चुलीवर वेगळं केलेलं सार होतं. बारके पेडवे, वर चार-पाच तिरफळं तरंगत असलेली, आणि टेबलापर्यंत पोचायच्या आधीच पोचलेला तो वास.

आईने सगळा भात त्याच्याबरोबर जेवला. रव्यातला बांगडा भावोजींच्या ताटात गेला. तिने तिरफळं ओळीने कडेला लावून ठेवली, आणि भाच्याने, अर्थातच, त्यातलं एक उचलून चावलं. पुढची दहा मिनिटं तो ओठांना हात लावून ते अजून जागेवर आहेत की नाही ते बघत होता. सोलकढीचे दोन पेले त्यावरच गेले.

बिल आलं, ए.पी.एस.सकट. त्यात ती वाटी नव्हती. मी विचारायला गेलो तर बाई रागावली.

बाहेर आलो तेव्हा दारातली गर्दी दुप्पट झाली होती. रिक्षात बसताना आईने हॉटेलाच्या बाजूची बोळ नीट बघून घेतली. टोकाला स्वयंपाकघराचं दार होतं, बाहेर दोन पाटे धुऊन उन्हात ठेवलेले.

"पुढच्या खेपेक," ती म्हणाली, "हयसून जावया."