तुम्ही विचारलंत म्हणून: गुरांची पावडर आणि माणसाचे गुडघे

"गाईले मिनरल मिक्श्चर देता, तिचे हाडं सुधरतात. मंग आमच्या गुडघ्यायले तेच दिलं तं काय बिघडते?" पांढरकवड्याकडे पशुधन पर्यवेक्षक होतो. निवृत्त झालो तरी हा प्रश्न पाठ सोडत नाही. पंगतीत, मयतीत, कुठंही. नाही म्हटलं की मी पुस्तकी ठरतो.

एकदा एका बाईनं टोपल्यात कोंबडीची पिल्लं आणली. नुसत्या मक्याच्या भरड्यावर वाढवलेली. एकाचा पाय हातात घेतला. सांधा सुजलेला, मागची शीर खोबणीतून घसरलेली, पाय बाहेर मुरगळलेला. बोटानं शीर जागेवर आणली. सोडताच पुन्हा सरकली. म्हटलं, हे मँगनीज कमी पडल्याचं दिसतं, या खनिजाशिवाय कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकाची लवचिक कुरकुरी, नीट बनत नाही. याचं आता काही होणार नाही, बाकीच्यांना मिक्श्चर सुरू करा. तिनं पुडी घेतली आणि मागं उभ्या पोरीला पुढं ओढलं. पोरीचे गुडघे एकमेकांना घासत होते, पावलं फाकलेली.

"हिचेबी तसेच हायेत ना डाक्टर? हिले किती चमचे देऊ?"

जनावराचं वेगळं, माणसाचं वेगळं, असं म्हणालो. दवाखान्यात न्या म्हणालो. ती म्हणाली, "कोंबडीले औषध, अन् पोरीले चिठ्ठी?"

तेव्हाचं ते उत्तर मला आज अर्धंच पटतं. तांबं कमी पडलं की हाडातल्या कोलॅजन या प्रथिनाचे धागे एकमेकांत घट्ट गुंफले जात नाहीत. वासरू असो की लेकरू. पण त्या गावच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड होतं, जादा झालं की हाडं बिघडवणारं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी १९७३ साली आंध्रातल्या फ्लोराइडच्या गावांत असेच आत वळलेले गुडघे नोंदवले. ज्वारीतल्या मॉलिब्डेनम या खनिजाच्या जादा प्रमाणामुळे लघवीवाटे तांबं जात असावं, असंही पुढं मांडलं. आता सांगा, त्या पोरीला तांबं कमी होतं, कॅल्शियम कमी होतं, की फ्लोराइडच जादा? पुडीवरचं माप गाईच्या वजनाचं. त्यातलं झिंक जास्त झालं तर उलट तांब्याचंच शोषण अडतं. मग चमचे कशाचे मोजायचे?

त्या बाईच्या "पोरीले चिठ्ठी"वर मात्र माझ्याकडे अजून उत्तर नाही. "पाणी बदला" म्हणणं सोपं. दुसरी विहीर कोसभर लांब होती.

तरी चमचे सांगणार नाही, रागवा खुशाल. आधी बोअरचं पाणी तपासून आणा. लिटरमागं दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड आलं, तर पुडीचं बोलणंच नको.