ताई, माझ्यानं उचललं जाईल का?

परदेशात अ‍ॅम्ब्युलन्सवर काम करायला निघालेल्या मुली माझ्याकडे तयारीला येतात आणि पहिल्याच दिवशी हे विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

उचललं जाईल. तीन-चार महिने हाताशी ठेवा, म्हणजे झालं.

अमेरिकेत या कामासाठी साधारण एकटीनं 125 पाउंड, म्हणजे 57 किलोच्या आसपास, आणि जोडीदारासोबत 250 पाउंड उचलता यावेत अशी अपेक्षा असते. आकडा ऐकला की मुली आपल्या दंडांकडे बघतात. खरं ओझं पेलतात ते मांड्या, कुल्ले आणि पाठ. व्यायामगुरू माणिकरावांच्या आखाड्यामुळे आपल्या बडोद्यात जोर-बैठका मुरलेल्या आहेत, आणि बैठकांनी मांड्या उत्तम होतात. पण जमिनीवरचं वजन उचलताना कुल्ले मागे नेऊन वाकावं लागतं, ते बैठकेत होत नाही. त्यासाठी डेडलिफ्ट शिकायचं, म्हणजे वजनं लावलेली लोखंडी दांडी (बार) जमिनीवरून उचलत सरळ उभं राहायचं. बार नडगीला जवळजवळ टेकलेला, पाठ सरळ, पोटात श्वास भरून पोट घट्ट, आणि मग पायांनी जमीन खाली दाबायची. वजन अंगापासून वीतभर जरी लांब गेलं तरी कंबरेवरचा ताण कितीतरी वाढतो. आठवड्यातून दोनदा पुरे. पाठ न वाकता सगळे सेट झाले, तरच पुढच्या खेपेला अडीच किलो वाढवायचे.

बारवर जमलं की मी 50 किलोचं गव्हाचं पोतं पुढ्यात ठेवते. त्याला मूठ नसते, आतला गहू एका बाजूला सरकतो, बोटं घसरतात. बारवर सहज उचलणाऱ्या मुलीही इथे अडतात, कारण पकड आधी सुटते. पकडीसाठी दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या घेऊन गच्चीवर फेऱ्या मारायच्या, पाणी न सांडता.

सयाजीबागेतल्या संग्रहालयात एक प्रचंड दगड आहे; गामा पैलवानानं तो 1902 साली उचलल्याचं सांगतात. माझ्या मुलींना मी तो आवर्जून बघायला सांगते, पण त्यांच्या कामात उचलण्याइतकंच सावकाश खाली ठेवणं मोलाचं, कारण स्ट्रेचरवर जिवंत माणूस असतो. रावपुऱ्यातल्या जुन्या वाड्याचे अरुंद जिने आठवा. तिथून रुग्णाला उतरवताना पाय पुढे, डोकं वरच्या बाजूला. डोक्याकडे वजन जास्त येतं, आणि खालच्या बाजूची व्यक्ती उलटी चालत असेल तर तिच्या पाठीला हात लावून पायऱ्या सांगणारं तिसरं कुणीतरी हवंच. म्हणून जोडीनं सराव करा. एकीनं मोठ्यानं ‘एक, दोन, तीन’ म्हणायचं आणि तीनवरच उचलायचं.

खाण्याचं थोडक्यात. ताकद वाढवायची असेल तर 60 किलोच्या मुलीला दिवसाला 90 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात. नुसत्या वरण-भातानं ती भरत नाहीत. दही, पनीर, भाजलेले चणे, सोयाबीन वड्या, चालत असतील तर अंडी, असं दिवसभरात वाटून खा.

कंबरेची कळ पायात उतरू लागली तर वजन तिथेच सोडा आणि डॉक्टरांना दाखवा. नाहीतर शनिवारी संध्याकाळी या, सोबत मैत्रीण आणा. पोतं माझ्याकडे आहे.