पेव्हर ब्लॉकवाल्याला थांबवलंय

२ मार्च

घर घेतलं तेव्हा अंगण कुणी नीट पाहिलंच नव्हतं. कागदपत्रं, रंगकाम, गळके नळ यांतच थंडी सरली. आता सामान लागलंय आणि सकाळी पायरीवर जरा टेकायला सवड मिळते.

पायरीवरून दिसतं ते असं: फाटकाशी कडुनिंब, कोपऱ्यात चाफ्याचं निष्पर्ण झाड, भिंतीलगत मोगऱ्याची जाळी, आणि मधे भेगाळलेली मोकळी जमीन. आंबा शेजारच्या काकूंचा, पण त्याच्या निम्म्या फांद्या आमच्या हद्दीत. एवढंच.

ह्याचं, म्हणजे नवऱ्याचं म्हणणं, मधल्या जागेत सरळ पेव्हर ब्लॉक घालून टाकू. गाडी आत येईल, पावसाळ्यात चिखल व्हायचा नाही. चिखलाचं मला पटतं. पण नव्या जागेत निदान एक वसंत जाईपर्यंत कुदळ मारू नये, असं माझं ठाम मत आहे. ज्यांनी ही बाग लावली त्यांनी कुठे काय पुरून ठेवलंय, ते वरून कसं कळणार? त्यांचा नंबर आहे माझ्याकडे. विचारलं तर आनंदाने सांगतीलही. पण मला विचारायचं नाही. जे आहे ते आपणहून वर येऊ दे.

८ मार्च

कडुनिंबाने आठवडाभर नुसता पाचोळा पाडला. रोज खराटा मारायचा आणि मागे वळून पाहावं तर जमीन पुन्हा पिवळी. ह्याला वाटलं झाडाला काही झालं. झालं काहीच नव्हतं. आज शेंड्यांना तांबूस पालवी दिसली. उन्हाच्या बाजूला उभं राहून पाहिलं तर ती पानं तांब्याच्या पातळ पत्र्यासारखी दिसतात. कोवळ्या पानात हरितद्रव्य उशिरा भरतं, तोवर अँथोसायनिन नावाचं लाल रंगद्रव्य त्याला कडक उन्हापासून सांभाळतं. काकूंच्या आंब्याचंही तेच. त्याची नवी पानं तर मऊ, लोंबती, हात लावला तर ओली वाटावीत अशी.

मला नवल वाटतं ते मुहूर्ताचं. पाऊस कधीच संपलाय, माती दगड झालीय, आणि ही झाडं नेमकी आत्ता नवे कपडे शिवायला टाकतात. यातली पुष्कळशी झाडं पावसाची वाट पाहत नाहीत, दिवस लांबू लागल्याची खूण पुरते. पाणी खोलवरच्या मुळांतून येतं. पहिला पाऊस पडेल तेव्हा पानं तयार असतात, एक सरही वाया जात नाही.

चाफा अजून तसाच आहे. राखाडी, जाड, बोटं छाटल्यासारख्या फांद्या. दोघातिघांनी सांगून झालं की वाळलाय, तोडून टाका. नखाने साल किंचित खरवडली तर पांढरा चीक आला. जिवंत आहे.

१४ मार्च

शिंजीर, फुलांतला मध पिणारा तो चिमुकला पक्षी.

नर सध्या पूर्ण रंगात आहे. सावलीत काळा दिसतो, ऊन पडलं की निळा-जांभळा चमकतो. ही विणीची वस्त्रं. हंगाम संपला की पोट पिवळट होतं आणि मधोमध काळी रेघ उरते. पण स्वारी सध्या स्कूटरच्या आरशाशी भांडण्यात गुंतलीय. आरशातला पक्षी म्हणजे आपल्या हद्दीत घुसलेला दुसरा नर, अशी त्याची पक्की समजूत. चोच मारतो, दांड्यावर बसतो, मागे जाऊन बघतो कोणी आहे का, पुन्हा समोर. आरशावर बारीक ठिपक्यांची रांगोळी झालीय. शेवटी मी जुना मोजा चढवला.

मादी मात्र कामाची. घरटं ती एकटीच बांधते. व्हरांड्यातली कोळिष्टकं आणि सालीचे तुकडे घेऊन जास्वंदीच्या लोंबत्या फांदीवर पिशवी विणायला घेतलीय, दारावर छोटी पडवीसुद्धा. त्यामुळे व्हरांडा झाडायचा नाही, असं घरात जाहीर केलंय. एरवी मला अशी सबब कुठे मिळणार होती!

कोकीळ पहाट व्हायच्या आधीपासून सुरू असतो. कवितेत गोड वाटतं. खिडकीला लागून तो आंबा असला की नाही वाटत.

२१ मार्च

वसंतसंपात. काल-आज दिवस आणि रात्र साधारण सारखे, आणि सूर्य बरोब्बर पूर्वेला उगवतो. म्हणून मुद्दाम लवकर उठून पाहिलं. आमचं फाटक पूर्वाभिमुख आहे असं घर दाखवणाऱ्याने चारदा सांगितलं होतं. ऊन कुंपणाच्या कोपऱ्यातून तिरकं आलं. म्हणजे चांगलंच आग्नेयेकडे तोंड आहे. असो, मोगऱ्याला ते सोयीचं. फेब्रुवारीत त्याची छाटणी करून घेतली होती. मोगऱ्याला कळ्या नव्या फुटीवरच धरतात, आणि फूट आता भरपूर आहे.

आणि चाफ्याच्या फांदीच्या टोकाला कळ्यांचा झुबका आलाय! पानाचा अजून पत्ता नाही.

२८ मार्च

खरं लिहायचं ते आज.

पाणी घालायला बाहेर आले तर मधल्या कोरड्या जमिनीत, पेव्हर ब्लॉक जिथे येणार होते तिथेच, एक फूल. देठ नाही, पान नाही. कुणाच्या हातून पडलं असावं म्हणून उचलायला वाकले तर ते मातीतूनच आलेलं. भुईचाफा! पुस्तकातल्या चित्रात पाहिला होता, पायाशी कधी भेटला नव्हता.

मी चक्क जमिनीवर पालथी पडून पाहिलं. वर अरुंद पांढऱ्या पाकळ्या, त्यांच्या खाली जांभळी, दुभंगलेली ओठासारखी रुंद पाकळी, मधे गडद. नाक जवळ नेल्यावर दाट, गोड वास. बाजूला आणखी दोन कळ्या, टोकदार, माती सारून नुकत्या डोकावलेल्या. नाव चाफा असलं तरी हे मंडळ आल्या-हळदीच्या कुळातलं. हिवाळाभर गड्डा जमिनीखाली झोपतो, वर खूण म्हणून काही ठेवत नाही. वसंतात आधी फूल येतं, पानं मागाहून, वरून हिरवी चित्रविचित्र आणि खालून जांभळी. एकेक फूल जेमतेम दिवसभर टिकतं, पण कळ्या पाठोपाठ येत राहतात.

ह्याला हाक मारली. तो आला, पाहिलं, थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "हे नेमकं गाडीच्या डाव्या चाकाखाली आलंय."

५ एप्रिल

आठवडाभर वाटाघाटी झाल्या. ठरलं ते असं: सगळं अंगण फरशीने झाकायचं नाही. फक्त चाकांपुरत्या दोन पट्ट्या, मधे माती, आणि डावी पट्टी हातभर अलीकडे. गाडी किंचित तिरकी लागेल. पावसाचं पाणीही जमिनीत मुरेल, हा मुद्दा मी शेवटी काढला. तो आधी काढायला हवा होता, कारण त्यावर ह्याने लगेच मान डोलावली. पट्ट्याही मेअखेर घालायच्या, तोवर आणखी कुठून काय उगवतंय ते कळेल. कुंपणाशी एक हिरवं टोक वर आलंय, कशाचं ते अजून सांगता येत नाही.

चाफा आता फुलांनी भरलाय. त्याच्यात मध नसतो म्हणे, नुसत्या वासावर रात्रीच्या पतंगांना फसवून बोलावतो. लबाड आहे, पण तोडायला सांगणारे सगळे आता फुलं मागतात.

काकू भुईचाफा बघायला आल्या. "इतकी वर्षं शेजारी राहते, कधी पाहिला नाही गं. मला एक गड्डा दे ना." म्हटलं, "काकू, आत्ता नाही काढता येणार. पावसाळ्यात पानं येतील, थंडीत वाळतील, मग झोपलेला असताना तोडून देते." त्यांची तयारी आहे. फक्त संध्याकाळी माती भरलेली एक कुंडी आणून आमच्या पायरीवर ठेवून गेल्या, कडेला खडूने स्वतःचं नाव लिहून.