कुंदा माणसं बघते

आमच्या शेल्टरमध्ये कुत्र्यांना खायच्या पदार्थांची नावं देतात. नाव सुचवायच्या वेळी कुणीतरी हमखास उपाशी असतं, एवढंच त्याचं कारण. त्यामुळं आमच्याकडं चिवडा आहे, मांडा आहे, एक भांडखोर मिरची आहे आणि कुंदा आहे. कुंदा ही बेळगावची दुधाची मिठाई; तिचा जो खरपूस तांबूस रंग, तोच या कुंदाच्या अंगाचा.

कुंदा पुणे-बेंगळूर हायवेवर सापडली, वंटमुरी घाटाच्या अलीकडं. पुढचा डावा पाय गाडीखाली चिरडला होता, तो खांद्यापासून काढावा लागला. कुत्र्याच्या अंगाचा साधारण 60 टक्के भार पुढच्या पायांवर असतो. त्यामुळं मागचा पाय गेलेलं कुत्रं लवकर सावरतं, पुढचा गेला की उभं राहायलाच शिकावं लागतं. कुंदा शिकली. आता पळते, जिना चढते, उतरताना मात्र दोनदा विचार करते. तिचं वजन वाढू द्यायचं नाही अशी डॉक्टरांची सक्त ताकीद आहे, कारण सगळा भार त्या एका पायावर येतो. आणि लोकांना तर तिला बघितल्या बघितल्या बिस्किटाचा पुडा फोडायचा असतो. कुत्र्यावर माया दाखवायची म्हणजे गोड बिस्किटच द्यायचं, हे कुणी ठरवलं कोण जाणे.

मी शेल्टरची ओम्नी चालवतो. लहान संस्थेत गाडी चालवणाऱ्यालाच पिंजरे उचलावे लागतात, गोळ्या चाराव्या लागतात आणि माईक हातात आला तर भाषणही करावं लागतं. कुंदा आणि मी शाळांमध्ये जातो, एक दिवस मराठी शाळा तर दुसऱ्या दिवशी कन्नड. कुत्रं अंगावर आलं तर पळू नका, झाडासारखे गप उभे राहा, डोळ्यात डोळे घालू नका. चावलंच तर जखमेवर तिखट, चुना काही लावायचं नाही. साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवायचं आणि तसंच दवाखाना गाठायचा. पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतात अशी भीती अजून शिक्षकांच्याही तोंडून ऐकतो. ती जुनी लस देशात बंद होऊन वीस वर्षं झाली, आता दंडावर घेतात. पोरांच्या गोंगाटात माझा आवाज पोचत नाही, म्हणून कुंदाला सगळं हातानं शिकवलंय. तळहात वर नेला की बस, खाली दाबला की झोप, बोटं स्वतःकडं वळवली की ये. ही सवय पुढं कुठं उपयोगी पडेल याची तेव्हा कल्पना नव्हती.

सांगायचा दिवस श्रावणातला, रविवारचा. बेळगावात टिळकवाडीला व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर आम्ही दत्तक शिबिर लावलं होतं. इंग्रजांच्या काळात तिथं देवीची लस तयार व्हायची, नाव त्यावरून पडलं. आता सकाळी फिरायला येणाऱ्यांची गर्दी असते, आणि आम्हाला गर्दीच हवी होती. ताडपत्री ताणली, टेबल मांडलं, फॉर्मवर वजन म्हणून दगड ठेवले. पिंजऱ्यात पिल्लं, आणि टेबलाच्या पुढं, दोरीनं बांधलेली, कुंदा.

शिबिराला येणारे लोक ठराविक. पहिला प्रश्न जातीचा. "लॅब आहे काय? मुधोळ मिळेल काय?" मुधोळ इथून जवळ, बागलकोट जिल्ह्यात. तिथल्या शिकारी कुत्र्याचं 2005 साली पोस्टाचं तिकीट निघालं, पुढं ते लष्करातही गेलं, तेव्हापासून हौस वाढलीय. पण पळण्यासाठी जन्मलेलं ते कुत्रं फ्लॅटच्या गॅलरीत बांधतात आणि वर्षभरात आम्हाला फोन करतात, घेऊन जावा म्हणून. गावठी म्हटलं की लोक नाक मुरडतात. खरं तर आपल्या हवेत, आपल्या भात-आमटीवर तगून राहणारं तेच.

दुसरे येतात ते तक्रारवाले. आमच्या गल्लीतली कुत्री उचला आणि लांब कुठंतरी सोडा. त्यांना समजावून सांगता सांगता घसा बसतो. नसबंदी करून, लस टोचून, कानाचा कोपरा छाटून कुत्रं पुन्हा त्याच गल्लीत सोडायचं असा नियम आहे. 2001 चे नियम बदलून 2023 साली नवे आले, पण ही गोष्ट तशीच राहिली. 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानंही सर्वसाधारण कुत्र्यांसाठी तेच ठेवलं, पिसाळलेली आणि अंगावर येणारी तेवढी वेगळी. शिवाय रस्त्यावरचं कुत्रं दत्तक घ्यायचं असेल तर पालिकेकडं अर्ज करा, पण ते परत रस्त्यावर दिसता कामा नये, असंही म्हटलं. लोकांच्या लक्षात नेमका हा शेवटचा भाग राहत नाही.

आणि कुंदा कशासाठी, तर ती माणसं बघते. म्हणजे माणसं तिच्याशी कशी वागतात ते मी बघतो. तीन पायांचं गावठी कुत्रं समोर आल्यावर कोण पोराला मागं ओढतो, कोण "श्शी" म्हणतो, कोण न विचारता डोक्यावर हात ठेवतो, कोण आधी खाली बसून हात हुंगू देतो. आधार कार्डाच्या झेरॉक्सवरून माझ्या हाताला काहीच लागत नाही, यातून पुष्कळ लागतं.

त्या दिवशी सगळ्यांची नजर एका पिल्लावर होती. चिरमुरी. पांढरीशुभ्र, डोळे निळसर. भावंडांबरोबर नुकतीच आलेली, शेतातल्या एका पडक्या खोलीतून. मोठी गाडी घेऊन आलेल्या एका कुटुंबानं तिला पसंत करून टाकलं होतं. मुलीचा वाढदिवस होता. बाई फोटो काढत होत्या, साहेब फॉर्म भरत होते. कुंदाकडं तिघांपैकी कुणी बघितलं नाही. मी मनात टिपून ठेवलं, पण तेवढ्यावरून नकार देता येत नाही.

त्याच वेळी वडगावचे एक मामा-मावशी आले. मामा यंत्रमागावर उभं आयुष्य काढलेले, शर्टाच्या खांद्यावर सुताचे धागे. ते तक्रार घेऊन आले होते. "आमच्या बोळात चार कुत्री हायेत. रात्रभर भुंकालेत ओ." बोलणं मावशीच करत होत्या, मामा नुसते माझ्या ओठांकडं बघत होते. मी नेहमीचं पुराण लावणार, इतक्यात मैदानाच्या दुसऱ्या टोकाला झांजपथकाचा सराव सुरू झाला. गणपती जवळ आलेले. ढोल, ताशा आणि चाळीस-पन्नास झांजा एकदम.

पिल्लांनी कालवा केला. मांडा पिंजऱ्याच्या कोपऱ्यात जाऊन लघवी करून मोकळा. कुंदा टेबलाखाली घुसली. आणि मामा-मावशी, मध्ये काही घडलंच नाही अशा थाटात, हातांनी बोलायला लागले. बोटं, भुवया, ओठांची हालचाल, मधूनच मनगटाला एक झटका. मागाच्या खडखडाटात एकमेकांचं ऐकू येत नाही, म्हणून वर्षानुवर्षं बसलेली सवय. त्यात मामांचे कान मागानं केव्हाच खाल्लेले.

मग मावशींनी बोट दाखवलं. "ही उठंना की."

चिरमुरी झोपली होती. भावंडं अंगावरून उड्या मारत होती, ढोलाचा दणका छातीत बसत होता, आणि ती पोटाशी नाक खुपसून गाढ. मी पिंजऱ्यामागं जाऊन स्टीलचं ताट वाजवलं. कान हललासुद्धा नाही. मग एका भावंडानं तिला तुडवलं तेव्हा ती उठली आणि आमच्याकडं बघून शेपूट हलवायला लागली.

"आमच्या ह्यांच्यासारखं झालंय की हिचं," मावशी म्हणाल्या.

आमच्या डॉक्टरांनी तिथंच खाली बसून तपासलं. नजरेआड टाळ्या, किल्ल्यांचा जुडगा, शिट्टी, काही नाही. जमिनीवर पाय आपटला की मात्र लगेच वळायची. अगदी पांढऱ्या कुत्र्यांमध्ये हे होतं म्हणाल्या. रंग देणाऱ्या पेशी आतल्या कानातही लागतात, त्या नसल्या तर जन्मानंतर काही आठवड्यांतच ऐकण्याच्या पेशी मरून जातात. डाल्मेशियनमध्ये हे जास्त दिसतं. भावंडांत असताना असं पिल्लू कुणाला ओळखू येत नाही, कारण बाकीची पळाली की तेही पळतं.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मग दुसरं पांढरं आहे का?" म्हणाले. नव्हतं. गाडी गेली. मला त्यांचा राग आला नाही. वाढदिवसाचा केक आणायला निघालेल्या माणसानं बहिरं कुत्रं घरी न्यावं अशी अपेक्षा कशी करायची? ते आत्ता गेले हेच बरं झालं.

पथक थांबलं. कुंदा टेबलाखालून बाहेर आली. मी तळहात वर केला, ती बसली. मामा टक लावून बघत होते. त्यांनीही तळहात वर केला. कुंदा बसलेलीच होती, म्हणून ती गोंधळून उभी राहिली, मामा हसले, परत हात वर, आणि ती बसली. मग त्यांनी बोटं स्वतःकडं वळवली, हे मी त्यांना दाखवलंही नव्हतं. कुंदा तीन पायांवर उड्या मारत गेली आणि त्यांच्या धोतराला नाक पुसलं. मामा उकिडवे बसले. हात पुढं केला, बोटं मिटून, हुंगायला.

"ते पांढरं द्या म्हणालेत," मावशी म्हणाल्या. "मला नको होतं, पण आता काय."

त्या दिवशी मी दिलं नाही. घर बघितल्याशिवाय आम्ही कुणालाच देत नाही. त्याच आठवड्यात संध्याकाळी कुंदा आणि चिरमुरीला ओम्नीत घालून वडगावला गेलो. बोळ अरुंद, दोन्हीकडून मागांची खडखड. पुढं माग, मागं स्वयंपाकघर, मधे एक पायरी. भिंतीवर दत्ताचा मोठा फोटो, पायाशी चार कुत्री. मावशी म्हणाल्या, "चार वेद ओ ते." बोळातली चार मात्र वेद नव्हती, हे त्यांचं ठाम मत.

कुंदा उंबऱ्यातच बसली. आवाजानं कान मागं, आत यायचं नाव नाही. चिरमुरी सरळ आत गेली आणि चालू मागाकडं निघाली. धोटा इकडून तिकडं उडत होता, खाली पट्टा गरगरत होता, आणि हिला कशाचंच भय नाही, कारण भय ज्यातून यायचं ते तिच्यापर्यंत पोचतच नव्हतं. मी झडप घालून उचलली. शिबिराच्या वेळी मला वाटलं होतं की बहिऱ्या पिल्लाला मागाचं घर म्हणजे देवानंच जुळवून आणलेलं स्थळ. आवाजाचा त्रास नाही, हातानं बोलणारी माणसं. त्या पट्ट्याजवळ पिल्लाचं नाक चार बोटांवर बघितल्यावर ते स्थळ माझ्या डोक्यातून उतरलं.

"मामा, असं नाही जमणार."

मामांना ऐकू आलं नसेल, पण कळलं. त्यांनी माग बंद केला, धोटा काढून फळीवर ठेवला आणि पट्ट्याकडं, पिल्लाकडं, दाराकडं आळीपाळीनं बघितलं. मग हातानं कमरेएवढी उंची दाखवली आणि दोन बोटांनी हवेत चौकोन काढला. मावशी म्हणाल्या, "जाळीचं दार लावतो म्हणालेत." मी दार लावा, मग फोन करा म्हणून निघालो. असे फोन सहसा येत नाहीत.

हा आला. दार लाकडी चौकटीचं, बारीक जाळीचं, खालच्या फटीतून पिल्लाचं डोकंही जाणार नाही असं, आणि कडी बाहेरून वर. मग फॉर्म भरला. लसीचं पुस्तक दिलं, सहा महिन्यांनी नसबंदी सक्तीची हे दोनदा सांगितलं. बहिऱ्या कुत्र्याचे नियम वेगळे. दोरीशिवाय रस्त्यावर सोडायचं नाही. झोपेतून उठवताना अंगाला एकदम हात लावायचा नाही, दचकून चावतं. आधी नाकाजवळ हात धरायचा, नाहीतर फरशीवर पाय आपटायचा. अंधारात बोलवायला बॅटरीची उघडझाप. मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि मामांना हातांनी सांगितलं. मला लागला त्याच्या निम्मासुद्धा वेळ त्यांना लागला नाही.

चिरमुरी आता जाळीच्या दाराला पाठ लावून झोपते. तिथं फरशी थरथरत असते. करंट गेला, माग थांबले की ती उठते आणि घरभर फिरून सगळ्यांना हुंगून येते, असं मावशी सांगतात. एकदा कांड्यांची टोपली उपडी करून तिनं अर्धा दिवस मामांना सूत सोडवायला बसवलं. त्याची तक्रारही आमच्याकडं आली, पण पिल्लू परत न्या असं त्यात नव्हतं.

पहिली तक्रार अजून आहेच. बोळातल्या चारपैकी दोघांची नसबंदी झाली, एक कुत्री जाळ्याला चकवतेय आणि चौथा कुत्रा गाडीचा आवाज ओळखून आधीच गायब होतो. मी लसीसाठी गेलो की मामा चार बोटं दाखवतात, त्यातली दोन मिटतात आणि राहिलेली दोन माझ्या नाकासमोर धरतात. पुढच्या आठवड्यात पहाटे जायचं ठरलंय, ओम्नी बोळाच्या बाहेरच ठेवून.