सेकंड फोर्टनाइट ऑफ सप्टेंबर

"लेख इंग्रजी मातृभाषा असलेल्या व्यक्तीकडून तपासून घ्यावा." भारतीय नावं दिसली की शास्त्रीय नियतकालिकांचे परीक्षक हे वाक्य लिहितातच, त्याचं आता काही वाटत नाही. मी चिडले ते त्याखालची यादी वाचून. ज्वारीच्या मुळांची एवढी मापं घेतली, त्यावर त्यांच्या दोन ओळी. आम्ही काळ-वेळ कशी लिहिली, त्यावर पानभर!

लेख सोलापूरच्या रब्बी ज्वारीवरचा होता. माझे तिथले जुने सर आणि मी, दोघांचा मिळून. सर सोलापुरात, मी ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलंडमधल्या टुवूम्बात. इथेही मैलोन् मैल ज्वारीच. फक्त माणसं ती खात नाहीत, गुरांना घालतात. हे आईला अजून सांगितलेलं नाही.

यादीतल्या काही गोष्टींवर भांडण्यात अर्थ नव्हता. 'सिन्स थ्री इयर्स' हे त्यातलं पहिलं. आपण '२०१९ पासून' म्हणतो तसंच 'तीन वर्षांपासून'ही म्हणतो, एकाच 'पासून'वर दोन्ही भागतं. इंग्रजीत 'सिन्स'ला सुरुवातीचा क्षण लागतो आणि 'फॉर'ला कालावधी. हे शाळेत घोकलेलं असतं, पण लिहायला बसलं की हात मराठीच्याच वळणाने जातो. त्यातही शास्त्रीय लेखात आणखी एक पेच आहे. 'वी हॅव मेझर्ड सिन्स २०१९' असं लिहिलं की मोजणी अजून चालू आहे असा अर्थ होतो. प्रयोग आटोपला असेल तर साधा भूतकाळ वापरायचा आणि 'फ्रॉम २०१९ टू २०२१' लिहून मोकळं व्हायचं.

प्रस्तावनेतलं 'नाउ-अ-डेज' आणि 'डे बाय डे' गेलं, त्याचं मला दुःख नाही. आपल्याकडच्या निम्म्या प्रबंधांची सुरुवात या दोघांपैकी एकाने होते आणि दोन्हींतून कळत काहीच नाही. 'रिसेंटली'चंही तसंच. लेख दहा वर्षांनी उघडणाऱ्याने 'रिसेंटली' म्हणजे कधी समजायचं? त्यापेक्षा सरळ साल लिहावं. 'सिन्स टाइम इमेमोरियल सॉर्घम हॅज बीन...' हे वाक्य सरांचं लाडकं. त्यावर परीक्षकाने विचारलं होतं, नक्की केव्हापासून? प्रश्न खवचट होता, पण त्याला उत्तर आहे. पूर्व सुदानात ख्रिस्तपूर्व चौथ्या सहस्रकातल्या लागवडीच्या ज्वारीचे पुरावे २०१७ साली प्रसिद्ध झाले आहेत. म्हणजे पाच हजारांहून अधिक वर्षं. हा आकडा 'अनादी काळा'पेक्षा मलाही भारदस्त वाटला.

'ट्वेंटी-फोर अवर्स' लिहायचे तर 'एचआरएस' नाही, नुसता 'एच'. मिनिटाला 'मिन', सेकंदाला 'एस', आणि अनेकवचनाचा 'एस' कुठेच नाही. बियाणं 'फॉर ओव्हरनाइट' भिजवत नाहीत, नुसतं 'ओव्हरनाइट' भिजवतात. त्याहून बरं म्हणजे किती तास ते लिहावं, कारण जूनमधली रात्र टुवूम्बात मोठी असते आणि सोलापुरात लहान. पेरणीची तारीख ०५/०९ अशी लिहिली की अमेरिकन माणूस ती नऊ मे वाचतो. म्हणून महिना अक्षरांत लिहायचा, किंवा आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. इथपर्यंत सगळं कबूल.

पण त्याने 'फोर्टनाइट' खोडलं.

आमचं वाक्य होतं, पेरणी 'ड्युरिंग द सेकंड फोर्टनाइट ऑफ सप्टेंबर' केली. समासात शेरा: जुनाट शब्द, टाळावा. जुनाट? मी ज्या देशात बसून हे लिहिते आहे तिथे माझा पगार फोर्टनाइटला, म्हणजे दर दोन आठवड्यांनी होतो, घरभाडं फोर्टनाइटला जातं, कचऱ्याची एक गाडीसुद्धा फोर्टनाइटला येते. बाबा फोनवर महिन्याचा पगार विचारतात तेव्हा मला गुणाकार करावा लागतो, कारण वर्षात बारा नाही, सव्वीस पगार असतात. ब्रिटनमध्येही हा शब्द रोजचा आहे. अमेरिकेत तो वापरत नाहीत, म्हणून साऱ्या जगाने टाकायचा? आणि टाकून त्यांनी मिळवलं काय, तर 'बायवीकली'. हा शब्द आठवड्यातून दोनदा आणि दोन आठवड्यांतून एकदा असे दोन्ही अर्थ देतो. पिकाला पाणी 'बायवीकली' दिलं असं लिहिलं तर वाचणारा चौपट पाणी देईल किंवा पाव. ज्यांच्या घरात हा शब्द नांदतो, त्यांनी आम्हाला नेमकेपणा शिकवावा!

हे सगळं मी चहाच्या वेळी आमच्या विभागातल्या एका निवृत्तीला आलेल्या बाईंना ऐकवलं. त्या इथल्याच डार्लिंग डाउन्स या शेतीच्या पट्ट्यातल्या शेतकरी घरातल्या, जन्मापासून ज्वारी पाहिलेल्या. त्यांनी आमचा लेख स्वतःहून मागून घेतला आणि शनिवार-रविवार बसून वाचला. एवढं आपल्याकडे कोणी करेल का? करतील की, सर करतातच. पण त्या माझ्या कोणी लागत नव्हत्या.

सोमवारी त्यांनी एकच प्रश्न विचारला. तुमचा सेकंड फोर्टनाइट नक्की किती दिवसांचा? मी म्हटलं, पंधरा, १६ ते ३०. त्या म्हणाल्या, फोर्टनाइट म्हणजे चौदा रात्री, मग एक दिवस कुठून आला? आणि ऑक्टोबरात तर तुम्ही सोळा दिवसांचा करता! आपल्या सरकारी इंग्रजीत महिन्याचे दोन भाग पाडून त्यांना फोर्टनाइट म्हणायची रीत आहे. तिला आपला पंधरवडा ठाऊक असतो, त्यांच्या चौदा रात्री नाही. हे ऐकून त्या इतक्या खूश झाल्या की मला पुढे भांडताच येईना.

खरं तर चौदा दिवसांचं माप आपल्याकडे अस्सल सापडतं, ते शेतात. सूर्य वर्षभरात सत्तावीस नक्षत्रांतून जातो, म्हणजे एकेका नक्षत्राला साधारण साडेतेरा दिवस. उत्तरा साधारण १३ सप्टेंबरला लागते, हस्त २७ला, चित्रा १० ऑक्टोबरच्या सुमारास. रब्बी ज्वारीची पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत करा असं सांगतात, आणि मोहोळ-मंगळवेढ्याकडचा शेतकरी तेच 'उत्तरा-हस्तात' म्हणून सांगतो. हस्ताचा पाऊस झाला की काळ्या रानात ओल धरते आणि त्या ओलीवर पीक थंडी काढतं. हे मी त्या बाईंना सांगितलं, नको तितकं सांगितलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं. लेखात मात्र यातलं काही जाणार नव्हतं.

ऋतूंची नावं खोडली होती, तिथे परीक्षकाचं चुकलं असं मला म्हणता येईना. 'विंटर २०१९' म्हणजे जानेवारी की डिसेंबर? शिवाय टुवूम्बात सप्टेंबर म्हणजे वसंत. गावात फुलांचा उत्सव चालू असतो आणि ज्वारी हे इथलं उन्हाळी पीक, त्यामुळे आमच्या तक्त्यात एकाच महिन्यापुढे सरांचा ऋतू वेगळा आणि माझा वेगळा आला होता. आपल्या हवामानखात्याचे प्रमाण आठवडे घालावेत असं सरांनी सुचवलं. त्यात ३८वा आठवडा म्हणजे दरवर्षी १७ ते २३ सप्टेंबर, ठरलेला. पण आयएसओचा आठवडा सोमवारी सुरू होतो आणि त्याच्या तारखा दरवर्षी सरकतात. दोन्हीकडे आकडा ३८च, दिवस वेगळे. तोही मार्ग सोडला.

शेवटी ठरलं की पेरणीपुढे तारखा लिहायच्या आणि त्यानंतरचं सगळं 'डेज आफ्टर सोइंग'मध्ये द्यायचं. निम्मी झाडं फुलोऱ्यात यायला पेरणीपासून किती दिवस, हे सोलापुरात आणि टुवूम्बात सारखंच वाचलं जातं. 'रबी' शब्दावर मी अडून बसले. तो राहिला, पहिल्यांदा येतो तिथे 'पोस्टरेनी सीझन' असा खुलासा देऊन. 'खरीप'लाही मग तोच मान मिळाला.

सरांना फोन केला तेव्हा माझ्याकडे दुपार होती आणि त्यांचं सकाळचं फिरणं चालू होतं. "अगं, फोर्टनाइट काढलास?" "काढलं सर, १६ ते ३० सप्टेंबर लिहिलं." थोडा वेळ नुसत्या रिक्षांचे आवाज. मग म्हणाले, "बरं केलंस. पण 'टिल डेट' ठेवलंय ना?" तेही 'टू डेट' झालं होतं, कारण 'टिल डेट' ब्रिटन-अमेरिकेत सहसा कोणी लिहीत नाही. सर म्हणाले, मग अहवालात तरी राहू दे.

त्यांच्या प्रकल्पाचा वार्षिक अहवाल इंग्रजी तपासायला आता माझ्याकडेच येतो. त्यात 'टिल डेट' आहे, 'सेकंड फोर्टनाइट' आहे, एके ठिकाणी मीटिंग 'प्रीपोन'ही झालेली आहे. तो वाचणारे सगळे पुण्या-सोलापुरातले, आणि त्यातल्या कोणालाही कुठलीच तारीख चुकीची कळणार नाही. मी त्यातलं फक्त 'सिन्स फाइव्ह इयर्स' तेवढं बदललं.